दुबईस जाणाऱ्याने काय पाहावे

पुण्याहून दुबईस निघालेला प्रवासी मुळामुठेचे पात्र ओलांडून येरवड्यात शिरतो आणि तेथून लोहगावच्या विमानतळाची वाट धरतो. त्या वेळी त्याच्या डोळ्यांपुढे ८२८ मीटर उंचीचा बुर्ज खलिफा, समुद्रात भर घालून रचलेले ताडाच्या आकाराचे बेट आणि सोन्याच्या दुकानांच्या रांगा तरळत असतात. आपण कालपरवा वाळूतून उगवलेल्या, सर्वस्वी परक्या अशा एका नगरात चाललो आहोत, अशी त्याची समजूत असते. दुबई वाटते तितकी नवी नाही, आणि मराठी माणसाला तर ती वाटते तितकी परकीही नाही. या दोन गोष्टी मनाशी बाळगून जो तेथे जाईल, त्याने काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे हे ठरविणे मग अवघड राहत नाही.

या परिचयाची एक कडी खुद्द येरवड्याच्या उतारावरच सापडते. १८१७ सालच्या ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. त्यानंतर जनरल स्मिथची फौज येऊन पोहोचली आणि १६ नोव्हेंबरला येरवड्याच्या बाजूने नदी उतरण्यासाठी झुंज झाली. त्या रात्री बाजीरावाच्या सैन्याने तळ हलविला आणि दुसऱ्या दिवशी पुणे इंग्रजांच्या हाती गेले. पेशव्यांच्या त्या सैन्यात अरब शिपायांचा भरणा होता. पुढे दीड महिन्याने कोरेगावच्या लढाईत तेच आघाडीला होते. पेशवाई बुडाली. मुंबई सरकारचे हात मोकळे झाले, आणि ते लगेच समुद्रापलीकडे पोहोचले. विल्यम ग्रँट कीर नावाच्या सेनापतीने १८१९ च्या फेब्रुवारीत सावंतवाडीकरांचा रेडीचा किल्ला घेतला. त्याच कीरला त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात मुंबईहून आरमार देऊन इराणच्या आखातात धाडण्यात आले. पुण्याचा पूर्वीचा रेसिडेंट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला तो याच महिन्यात. डिसेंबरात कीरने रास अल खैमा हे बंदर जिंकले, आणि १८२० च्या आरंभी किनाऱ्यावरच्या शेखांशी तह केला. त्या तहात दुबईही सामील होती. येरवड्याची झुंज आणि दुबईचा तह यांत सव्वादोन वर्षांचेही अंतर नाही.

कीरच्या स्वारीचे कारण म्हणून चाचेगिरीचे नाव पुढे करण्यात आले. कोकणच्या वाचकास हा शब्द ओळखीचा वाटेल, कारण आंग्र्यांसही याच लेखणीने चाचे ठरविले होते. आपल्या समुद्रावर आपला दस्तक चालावा असे म्हणणाऱ्याला व्यापारी कंपनीच्या दप्तरात दुसरे नाव मिळणे कठीणच होते. शारजाचे अधिपती शेख सुलतान अल कासिमी यांनी १९८६ साली या आरोपाचे खंडन करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि त्यासाठी लागणारे कागद त्यांनी मुख्यतः मुंबईच्या सरकारी दप्तरखान्यातून काढले. आखाताच्या इतिहासाचा एक मोठा भाग आजही मुंबईत बासनात बांधलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

१८२० नंतर दीर्घकाळ आखाताचा कारभार मुंबईहून पाहिला जाई. १८७३ साली तो हिंदुस्थान सरकारने आपल्याकडे घेतला. १८५३ साली समुद्रावरील कायमच्या युद्धबंदीचा करार झाला, आणि १८९२ साली शेखांनी इंग्रजांवाचून अन्य कोणत्याही सत्तेशी संबंध ठेवणार नाही असे लिहून दिले. याच १८९२ साली येरवड्यास नगर रस्त्यावर आगाखान महाल बांधला गेला. दुष्काळाने गांजलेल्या लोकांस काम मिळावे हा त्यामागील हेतू होता, असे सांगतात. बांधविणारे तिसरे आगाखान त्या वेळी अवघे पंधरा वर्षांचे होते. त्यांचे आजोबा इराणातून आले आणि मुंबईस स्थायिक झाले. अरबी घोड्यांचा त्यांचा तबेला प्रसिद्ध होता. आखातातून गलबतांत घालून आणलेले घोडे मुंबईच्या बाजारात विकले जात, तेथून ते पुण्याच्या छावणीत आणि शर्यतींच्या मैदानावर येत. भीमथडीच्या तट्टांतही अरबी रक्त मिसळलेले होते. गांधीजींचा बंदिवास आणि कस्तुरबा व महादेवभाई यांच्या समाधी यांमुळे या महालाचे पूर्वीचे रूप विस्मरणात गेले, आणि तसे होणे स्वाभाविक आहे. तथापि आखाताकडील वाऱ्याने पुण्याच्या वेशीवर सोडलेली ती एक खूण आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

आता दुबई. प्रवाशाने प्रथम बुर्ज खलिफाकडे धाव न घेता खाडीकाठी जावे. हे शहर खाडीमुळे झाले, आणि खाडीच्या पाण्यावर एक तास काढला तर जे कळते ते शंभराव्या मजल्यावरून कळत नाही. १८३३ साली अबू धाबीहून सुमारे आठशे माणसांचा एक जथा स्थानिक कलहामुळे बाहेर पडला आणि या खाडीच्या मुखाशी येऊन राहिला. सध्याचे राजघराणे त्याच जथ्यातले. खाडीच्या एका तीरावर बर दुबई, दुसऱ्यावर देरा. दोहोंमध्ये आब्रा नावाच्या लाकडी होड्या अगदी अल्प भाड्यात दिवसभर ये-जा करतात. धरमतरच्या किंवा दाभोळच्या तरीची ज्याला सवय आहे, त्याला या होड्यांत बसताना काही शिकावे लागत नाही.

बर दुबईच्या बाजूस अल फहिदी किल्ला आहे. तो सुमारे १७८७ सालचा असून दुबईतील सर्वांत जुनी वास्तू समजला जातो. आपल्या सिंहगड-पुरंदराच्या मानाने तो एखाद्या देशमुखी गढीएवढाच वाटेल. पण त्या उजाड किनाऱ्यावर दगड-मातीचा एवढा ऐवज उभा करणे ही लहान गोष्ट नव्हती. १९७१ पासून त्यात संग्रहालय करण्यात आले. मधून मधून तो दुरुस्तीसाठी बंद ठेवतात, तेव्हा आधी चौकशी करून जावे. किल्ल्यास लागूनच बस्तकिया नावाची जुनी वस्ती आहे. घरे प्रवाळाच्या दगडांची आणि चुन्याची, आढ्याला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणलेले वासे, आणि प्रत्येक मोठ्या घरावर चौकोनी मनोरा. हा मनोरा शोभेचा नव्हे. चारही दिशांना उघडा असल्याने तो जाता वारा पकडून खालच्या खोलीत सोडतो. विजेच्या आधी आखातातील उन्हाळा माणसे कशी सोसत असतील, या प्रश्नाचे उत्तर तेथे पाच मिनिटे उभे राहिल्याने मिळते. १९८० नंतरच्या दशकात या वस्तीचा काही भाग पाडला गेला; उरलेला आता जतन केला आहे.

ही वस्ती इराणच्या किनाऱ्यावरून आलेल्या व्यापाऱ्यांनी वसविली. समोरच्या किनाऱ्यावर लिंगा नावाचे भरभराटीचे बंदर होते. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इराण सरकारने तेथे जकात वाढविली. दुबईचे शेख मक्तूम बिन हशर यांनी आपल्या बंदरातील जकात उठविली. व्यापारी गाठोडी बांधून इकडे आले, आणि त्यांच्यामागून मुंबईच्या आगबोटीही दुबईस नियमाने लागू लागल्या. एका बंदराने कर वाढवावा आणि दुसऱ्याने सोडावा, एवढ्यावर दोहोंचे दैव पालटले. दुबईच्या पुढील सर्व इतिहासाचे बीज या निर्णयात आहे.

त्या काळी दुबईची मिळकत एकच, मोती. उन्हाळ्याचे चार महिने शेकडो नावा समुद्रात तळ देत. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून बुडी घेत, आणि मोसमाच्या अखेरीस बहुधा नाखव्याचे कर्ज डोक्यावर घेऊन घरी परतत. त्यांनी काढलेला माल येई मुंबईस. तेथे त्याची निवड होई, वजन होई, भोके पाडली जात, आणि मग तो पॅरिस-लंडनला किंवा आपल्या संस्थानिकांकडे जाई. मराठी घरांत नथीला, तन्मण्याला, चिंचपेटीला जे ‘बसऱ्याचे मोती’ म्हणून आजवर जपले जातात, ते याच व्यापारातले. वस्तुतः बसऱ्यास मोती निघत नाहीत. ते बहरीनच्या, कतारच्या, दुबईच्या समुद्रातले. बंदराचे नाव मालाला चिकटले इतकेच. आजीच्या डबीतील नथ घेऊन दुबईस जाण्याचे कारण नाही, पण देरातील अल अहमदिया ही जुनी शाळा पाहताना तिची आठवण ठेवावी. १९१२ साली सुरू झालेली ही शाळा एका मोत्यांच्या व्यापाऱ्याने काढली. नथ घेणाऱ्याने मोजलेल्या रुपयांतला काही भाग फिरत फिरत तेथील पोरांच्या पाट्यांपर्यंत गेला, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे जपानी कृत्रिम मोती बाजारात आले, १९२९ ची मंदी आली, आणि पाणबुड्यांचा धंदा बसला. १९३० नंतरची वर्षे दुबईने अक्षरशः उपासमारीत काढली.

खाडीच्या मुखाशी शिंदघा हा भाग आहे. तेथे शेख सईद यांचा १८९६ सालचा वाडा असून जुनी छायाचित्रे, नाणी आणि टपाल तिकिटे यांसाठी तो प्रसिद्ध झाला. मराठी प्रवाशाने येथे घाई करू नये. दुबईचे पहिले टपालघर १९०९ साली उघडले, ते हिंदुस्थानच्या टपालखात्याने. १९४७ पर्यंत तेथील पत्रांवर हिंदुस्थानची तिकिटे लागत; आणि १९२५ साली नाशिकरोडचा सरकारी छापखाना निघाल्यानंतर ती तिकिटे तेथे छापली जात. पुढे ब्रिटनची तिकिटे आली, तरी त्यांवर किंमत आणे आणि रुपये यांतच ठोकलेली असे. चलन तर रुपयाचेच. दुबईचा पाणबुडा, कुवेतचा नाखवा, मस्कतचा खजूरवाला हे सर्व रुपये मोजत.

हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावरही हा क्रम चालू राहिला. पण त्यात एक गळती होती. सोन्याच्या आयातीस आपल्याकडे बंदी आणि दुबईस मुक्तद्वार. तेव्हा येथील रुपये चोरून आखातात न्यावेत, त्यांचे सोने घ्यावे, आणि सोने चोरून इकडे आणावे, असा धंदा फोफावला. आखातात साठलेले ते रुपये अखेर रिझर्व बँकेकडे येत आणि बँकेस त्यांच्या बदल्यात परकी चलन द्यावे लागे. यावर तोडगा म्हणून १९५९ साली आखातापुरत्या निराळ्या नोटा काढण्यात आल्या. मजकूर तोच, रंग वेगळा. दहाची नोट तांबडी, आणि क्रमांकाच्या आधी झेड हे अक्षर. याही नोटा नाशिकच्याच. ६ जून १९६६ रोजी भारताने रुपयाचे मूल्य ३६.५ टक्क्यांनी उतरविले, तेव्हा दुबईच्या लोकांच्या तिजोरीतील ठेव त्यांचा काही दोष नसता एका रात्रीत तितकीच आटली. त्यांनी रुपया सोडला. कुवेत आणि बहरीन त्याआधीच बाहेर पडले होते. मस्कतने १९७० पर्यंत कळ काढली. दुबईस प्रथम कतारबरोबरचा रियाल आला आणि १९७३ साली आजचा दिरहम. शतकाहून अधिक काळ चाललेला व्यवहार असा मोडला, आणि आपल्याकडे त्याची चर्चाही फारशी झाली नाही.

देरातील सोन्याचा बाजार पाहण्यास बहुतेक सर्वच जातात. तेथे भाव रोज लावलेला असतो आणि घासाघीस करावयाची ती घडणावळीत, एवढे सांगणे पुरे. मात्र या झगमगाटाच्या मागे जो इतिहास आहे तो सुखाचा नाही. येथून दहा-दहा तोळ्यांची बिस्किटे भरून गलबते निघत. दुबईच्या कायद्याने त्यात गैर काही नव्हते. गुन्हा होई तो कोकणच्या एखाद्या खाडीत माल उतरे तेव्हा. १९६३ साली आपल्याकडे सुवर्णनियंत्रण आले, चौदा कॅरटच्या वर दागिना घडवू नये असा नियम झाला, आणि गावोगावच्या सोनारांच्या शेगड्या विझल्या. चोरटा व्यापार मात्र विझला नाही. उलट त्यातून मुंबईत टोळ्या माजल्या. आणि ज्या चोरवाटांनी सोने येत असे त्याच तऱ्हेच्या वाटांनी १९९३ च्या आरंभी रायगडच्या किनाऱ्यावर स्फोटके उतरली. १९६८ सालचा सुवर्णनियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला. लिंगा बंदराची जी चूक इराणने केली, तीच वेगळ्या रूपाने आपण केली, आणि दोन्ही वेळा लाभ दुबईचा झाला, हा निष्कर्ष टाळता येण्यासारखा नाही.

दुबईचे वैभव तेलाचे, असा सर्वसाधारण समज आहे. तेल १९६६ साली सापडले आणि १९६९ साली बाहेर जाऊ लागले. त्याच्या कितीतरी आधी शेख रशीद यांनी कुवेतकडून कर्ज काढून गाळाने भरलेली खाडी खोल करून घेतली होती. १९५९ मध्ये ते काम सुरू झाले. १९६० साली विमानतळ झाला. तेलाचा पैसा आला तेव्हा तो साठविण्यास भांडे तयार होते. त्यातून १९७२ चे रशीद बंदर आणि १९७९ चे जेबेल अलीचे विस्तीर्ण बंदर झाले. २ डिसेंबर १९७१ रोजी ज्या इमारतीत संयुक्त अमिरातींची स्थापना झाली, ती जुमेराच्या रस्त्यावर जपून ठेवली आहे आणि तिच्या शेजारीच एतिहाद संग्रहालय आहे. तेथे दोन तास काढावेत. बुर्ज खलिफाचे तिकीट आधीच काढून संध्याकाळी वर जावे. आणि ज्या इमारतीचे नाव बुर्ज दुबई ठरले होते, ती ४ जानेवारी २०१० रोजी खुली होताना शेजारच्या अबू धाबीच्या अधिपतींचे नाव का घेऊन आली, याचा वर जाता जाता विचार करावा. आदल्याच महिन्यात अबू धाबीने कर्जात रुतलेल्या दुबईस १० अब्ज डॉलरचे साहाय्य दिले होते.

विमानांच्या आधी मुंबईहून दुबईस जावयाचे ते ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटींनी. त्यांवर रत्नागिरी जिल्ह्यातील खलाशी असत, आणि डेकवर पथारी टाकून जाणारे उतारू असत. यांपैकी ‘दारा’ ही बोट मुंबईहून निघून आखातातील बंदरे घेत असता ८ एप्रिल १९६१ रोजी दुबईसमोर तिच्यात स्फोट झाला. आग लागली, समुद्र खवळलेला होता, आणि २३८ माणसे गेली. ओढून नेत असता दोन दिवसांनी ती बुडाली. किनाऱ्यावर बसून ज्या निळ्या पाण्याकडे पाहुणे पाहत असतात, त्याच पाण्याच्या तळाशी तिचे अवशेष आहेत. याच ताफ्यातील ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालत होती. तोवर कोकणातल्या घरोघरी दुबईची टपाल-पाकिटे येऊ लागली होती. पूर्वी मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालणाऱ्या चुली आता दिरहमांवर चालू लागल्या.

बर दुबईच्या कापडबाजारामागे एका अरुंद गल्लीत १९५८ पासून हिंदूंचे देवस्थान आहे. ते प्रामुख्याने सिंधी आणि गुजराती व्यापाऱ्यांनी उभारले. खाडीवरचे जुने हिंदी पेढीवाले तेच होते, मराठी माणूस तेथे मागाहून आणि बहुधा नोकरीसाठी आला. १९२२ किंवा १९३२ सालचा मराठी सावकार दुबईत शोधण्यात अर्थ नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये जेबेल अली येथे नवे मोठे मंदिर खुले झाले, आणि जुन्या जागेतील शिवमंदिर २०२४ च्या आरंभी तिकडे हलविण्यात आले. गल्लीतील फुलांची दुकाने अद्याप पाहण्याजोगी आहेत.

दुबईस जावयाचे ते नोव्हेंबर ते मार्च या महिन्यांत. उन्हाळ्यात उघड्यावरील काम सरकारनेच १५ जून ते १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवले आहे, यावरून तेथील उन्हाची कल्पना यावी. हा नियम ज्यांच्यासाठी आहे ती माणसे प्रवाशास संध्याकाळी दिसतात, साध्या बसगाड्यांच्या खिडक्यांना डोके टेकून परतताना. त्यांतील पुष्कळशा गाड्या शहराच्या कडेला मुहैस्ना या भागाकडे जातात. कामगारांच्या या वस्तीला सगळे हिंदी लोक एका नावाने ओळखतात, सोनापूर. नाव देणाऱ्यांच्या मनात सोन्याचे गाव असेल. पण जुन्या मुंबईकराला सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सजवळची स्मशानभूमी, आणि गिरगावात एके काळी ते नाव संध्याकाळी कोणी घेत नसे.